दुसरा हात दांडीला

मावशींनी बावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, तीही एका हातानं. गठ्ठा डाव्या तळव्यात, फाडायला अंगठा आणि उजवा हात डोक्यावरच्या दांडीला. ड्रायव्हर कसाही ब्रेक मारो, मावशी पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. अशा बाईला तिकिटाच्या नव्या यंत्रावर दोनदा नापास केलं होतं! तिसऱ्यांदा नापास झाल्या, की कंडक्टरकी संपली. मग डेपोत गाड्या धुवायच्या.

शिकवणारे साहेब तरुण, हुशार, गोड बोलणारे. वर्गात खुर्च्या, पंखा, भिंतीवर चित्रं, सगळी बडदास्त होती. "डाव्या हातानं बटण दाबून धरा, उजव्यानं थांबा निवडा," साहेबांनी शंभराव्यांदा सांगितलं. मावशींचा उजवा हात मात्र आपसूक वर जायचा आणि हवेत दांडी शोधायचा. वर्ग खिदळायचा.

"मावशी, लक्ष कुठंय तुमचं?"

हे ऐकून ऐकून मावशींचे कान किटले होते. आज डोकंच फिरलं.

"साहेब, आमच्या बसमध्ये कधी चढलात का हो?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"चला, दाखवते."

दुपारच्या गर्दीच्या बसमध्ये मावशींनी त्यांच्या हाती यंत्र दिलं. साहेबांनी ऐटीत बटण दाबून धरलं, दुसऱ्या हातानं थांबा शोधायला घेतला, आणि वळणावर ब्रेक लागला. साहेब थेट एका आजींच्या भाजीच्या पिशवीवर! आजींनी त्यांचा यथेच्छ उद्धार केला.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," कपडे झटकत साहेब पुटपुटले.

"विचारलंत कुणाला?"

साहेब यंत्र घेऊन बसले. पाच मिनिटांत त्यांनी ते एका अंगठ्यानं चालेल असं करून दिलं. ती सोय म्हणे त्यात पहिल्यापासूनच होती! मावशींनी कपाळावर हात मारला. त्याच दिवशी तिसरी परीक्षा दिली आणि झटक्यात पास झाल्या.

"आणि आधी तीनदा नापास झालेल्या अकरा जणी?" मावशींनी विचारलं.

"त्यांच्या बदल्या डेपोत झाल्या हो. आता माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी मावशींची बस धुवून देणारी बाई अठरा वर्षं कंडक्टर होती. पाण्याचा पाइप बाजूला धरत तिनं हसून विचारलं, "झालीस का गं पास?"

मावशींना हो म्हणवेना.