गणपतचे फुटाणे

तीन आठवड्यांपूर्वी अकोटहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक हातभर काठी माझ्या हातात ठेवली. "जानरावच्या बाईनं देली. थे गेले परवा." काठी ओळखून मी आधी हसलो. तो काय म्हणाला ते मागाहून कळलं...

जानराव अकोटच्या प्रेसमध्ये फिटर होता आणि मी तिथे कापसाच्या गाठींवर ठसे मारायचो. रुई आवळणारा तो प्रेस पाण्याच्या दाबावर चाले. गाठ बांधून झाली की व्हॉल्व्हचं चाक फिरवून पाणी सोडायचं. एका हंगामात त्या व्हॉल्व्हमधून खुडखुड येऊ लागली, कोणी फुटाणे चावावेत तशी. आदल्या वर्षी तापाने गेलेला गणपत याच चाकावर असायचा आणि त्याच्या खिशात कायम फुटाणे. मग काय, मी डोळे फिरवून, आवाज खोल काढून म्हटलं, "गणपत हजेरीवर आला बाप्पा." नाटकांत कामं करूनही मला असे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हला लिंबू-मिरची लटकत होती.

पण माणसं आता भिऊन चाक जेमतेम पाव फिरवत आणि मागे सरत. खुडखुड रोज वाढत गेली. शेवटी मीसुद्धा त्या बाजूने जाईनासा झालो.

दीक्षा घेतल्यापासून जानरावने देव आणि भुतं दोन्ही सोडली होती. त्याने ही काठी व्हॉल्व्हला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि ऐन हंगामात प्रेस बंद केला. मालक नोकरीवरून काढायची भाषा करत होते, तो नट सोडत होता. आत ना वाळू, ना खडा. स्वच्छ पाणी... आणि लोखंडी झडप वाळवी लागल्यासारखी खाल्लेली, एका जागी नखाएवढी उरलेली. ती सुटली असती तर दाब जाऊन आवळलेली गाठ उसळली असती, आणि पट्ट्या बांधणाऱ्यांचे हात तिथेच असते.

मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "फट लहान ठेवली का पाणी जोरानं पयते. तेथं त्याचा दाब कमी होते अन् थे थंडच्या थंड उकयते. समोर जाऊन बुडबुडे मिटतात, तवा लोखंडाले चावतात."

"बुडबुड्यात असते काय पण?"

"काहीच नाही. थे काहीच नाही, थेच खाते." मग हळूच, "अन् लोकं फट काहून लहान ठेवून राहिले होते, थे तुले मालूम आहे."

हे तो दुसऱ्या कोणाजवळ कधी बोलला नाही. मीही नाही.

शेवटची भेट अकोल्याच्या दवाखान्यात झाली. त्याच्या छातीत पाणी झालं होतं. उशाखालून काठी काढून त्याने एक टोक बरगडीवर टेकवलं, दुसरं माझ्याकडे केलं. "आयक बरं, गणपत हजर आहे काय?" मी ऐकलं, तीच खुडखुड... आणि जन्मभराच्या सरावाने चेहरा सरळ ठेवून म्हटलं, "काहीच नाही."

तो खूश होऊन हसला. "थेच तर खाते, लेका."

काठी आता माझ्या मोरीत नळाशेजारी उभी असते. सकाळी नळ अर्धा सोडून मी ती लावतो, फुटाणे ऐकू येतात. नळ पुरता सोडला की थांबतात. परवा मात्र नळ बंद केला तरी थांबेनात. पाहिलं, तर काठीचं दुसरं टोक नळावरून घसरून माझ्याच छातीला टेकलेलं होतं.