आठ चंदेरी टोप्या

ट्रॅव्हल्सच्या डिकीत सामान चढत होतं आणि मी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर केलेली यादी हातात धरून उभी होते. ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, कुकर, घडीचा पाळणा, चादरीत गुंडाळलेली बुद्धमूर्ती. एकूण नऊ नग. प्रदीप, माझा नवरा, आतून ओरडायचा, "पोतं आलं!" की मी खूण करायची. आई शेजारी उभी होती. माझ्या कडेवरच्या आठ महिन्यांच्या लेकीकडे, मित्राकडे, बोट करून म्हणाली, "आन् हा दहावा नग? हा नाही लिवला?"

"तिला कशाला लिहायचं? ती कडेवर आहे," मी म्हणाले.

आई रडली नाही. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "तिथं गेल्यावर पयले शेजारीण पाह्य. गॅस मंग आला तरी चालते."

मी आधी गॅस घेतला. मग खिडकीला जाळी, मग दाराला आतून दुसरी कडी. चारकोपच्या त्या खोलीत समोरच्या घरातल्या बाईचं आडनाव मला तीन वर्षं फक्त दारावरच्या पाटीवरून माहीत होतं.

वाशीमकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना हे लिहिते आहे. माझ्यासारखं घर गुंडाळून इकडे आलेल्यांनीही वाचावं. मित्राच्या वाढदिवसाचे फोटो ग्रुपवर टाकले की तुमचे अंगठे येतात, आणि धाकटा भाऊ दर वर्षी तेच लिहितो, "ताई, तू एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे का पाहत नाहीस?" मी मोजत असते, म्हणून.

लहानपणी आपल्याला कुणी मोजलं नाही, असं मला वाटायचं. वाढदिवसाला सकाळी मूर्तीपुढे मेणबत्ती, वंदना आणि आईची खीर. दिवसभर आपण वस्तीत, ओढ्यावर, शाळेमागच्या चिंचेवर. कुणी विचारलंच तर आई म्हणायची, "लेकरू हारपत नसते वं. कोनाच्या तरी घरी जेवत असते." इथे आल्यावर हे वाक्य मला काही कामाचं वाटेना. इथे कोण कुणाच्या घरी जेवतं? मित्रा चालायला लागली तशी माझी वही सुरू झाली. बाहेर जाण्यापूर्वी तिचा फोटो काढायचा, आज कोणते कपडे आहेत ते कळायला. हातावर बॉलपेनने माझा नंबर लिहायचा. पाणी, रुमाल, जवळचा दवाखाना, परत यायची वेळ. प्रदीप चेष्टा करायचा, "बागेत चाललोय की सीमेवर?" मी वहीत बघून म्हणायची, "टोपी घेतली का?"

सहावा वाढदिवस बोरिवलीच्या बागेत करायचा ठरला. तिथे झाडांमधून फिरणारी खेळगाडी आहे. इमारतीतली सात मुलं आणि मित्रा, अशी आठ. प्रदीपला त्या रविवारी ड्युटी होती. दोघीतिघी आया म्हणाल्या, "आम्ही येतो ना सोबत." मी म्हटलं, "कशाला? मी बघते." माझा यादीवर विश्वास होता, बायांवर नव्हता. गर्दीत लांबून दिसाव्यात म्हणून आठ चंदेरी टोप्या आणल्या. कागदाच्या, हनुवटीखाली रबर असलेल्या. दर दहा मिनिटांनी टोप्या मोजायच्या आणि वहीत खूण करायची.

खेळगाडीतून उतरताना धक्काबुक्की झाली. मी टोप्या मोजल्या. आठ. झाडाखाली सतरंजी अंथरली, मोजल्या. आठ. वेफर्स वाटले, मोजल्या. आठ. मग केकचा डबा उघडला आणि हाक मारली, "मित्रा, ये गं पुढे."

कुणीच पुढे आलं नाही. सगळी मुलं एकमेकांकडे बघू लागली. आठव्या टोपीखालच्या मुलीने मान वर केली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

"तू कोण?"

"सई," ती म्हणाली, आणि आता तिला कळलं की मीही तिची कुणी नव्हे. "माझी मम्मी कुठंय?"

वहीत तीन खुणा होत्या. म्हणजे मित्रा हरवून अर्धा तास झाला होता आणि त्या अर्ध्या तासात मी तीनदा सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं. धावत सुटावं तर लोकांची सात मुलं आणि ही आठवी. शेवटी सगळ्यांना माझी ओढणी धरायला लावली आणि ती माळ ओढत खेळगाडीकडे निघाले. आणि मग दिसल्या त्या टोप्या. तिकिटाच्या रांगेत चंदेरी टोप्या, घसरगुंडीवर चंदेरी टोप्या. त्या दिवशी बागेत निदान तीन वाढदिवस होते, आणि आम्ही सगळ्यांनी एकाच बाजारातून एकच माल उचलला होता. पोर वेगळं दिसावं म्हणून मी जे तिच्या डोक्यावर घातलं होतं, त्यातच ती बुडाली होती.

"सई! अगो सई!" समोरून एक बाई धावत येत होती. पदर खोचलेला, मागे पोरांची तशीच माळ, आणि कडेवर माझी सहा वर्षांची घोडी.

"ह्यां चेडू तुमचां मां?" ती मित्राला दाखवून धापा टाकत म्हणाली. "माझां खंय?" तोवर सई माझ्या ओढणीतून सुटून तिच्या पायांना बिलगली होती. मित्राच्या हातावरच्या माझ्या नंबराचे शेवटचे दोन आकडे सरबताने पुसले गेले होते, म्हणून फोन लागत नव्हता, असं ती सांगत होती. मला काही ऐकू येत नव्हतं.

मित्रा खाली उतरली आणि म्हणाली, "मम्मी, यांचा केक चॉकलेटचा आहे."

मी तिला थोबाडीत मारली. वाढदिवसाच्या दिवशी, लोकांच्या मुलांसमोर. तोवर कधी हात उगारला नव्हता.

त्या बाईने माझं मनगट धरलं. "अगो, तिका कित्याक मारतंस? चुकलव आपण दोघी."

ती शुभांगी. मालवणकडची, राहायला दिंडोशीला. त्या दिवशीचा फोटो तुम्ही पाहिला आहे: दोन केक, दोन मुली, सोळा टोप्या. मित्राचा एक गाल लाल आहे. तुम्ही लिहिलं होतं, "किती गोड लाजली आहे!"

त्यानंतर सहा वर्षं एकही वाढदिवस घराबाहेर झाला नाही. शाळेच्या सहलीचा कागद आला की मी काहीतरी कारण लिहून द्यायची. शुभांगी फोन करायची, बोलवायची, मी टाळायची. तिचा आवाज ऐकला की ती आठवी टोपी मान वर करायची.

या वर्षी बारावा वाढदिवस. मित्राने सांगितलं, मैत्रिणींबरोबर मॉलला जायचंय. चौघीच. रिक्षाने.

"मी दुसऱ्या टेबलावर बसेन," मी म्हटलं.

"मम्मी, यार! कुणाचीच मम्मी येत नाहीये. वाट लागेल माझी."

"मग नाही जायचं. त्या दिवशी काय झालं, आठवतंय ना?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आठवतंय. मी सापडले होते ना? मग?"

मी आईला फोन लावला. ती माझ्या बाजूने बोलेल अशी खात्री होती. म्हटलं, "गावाला बरं होतं गं. तुला कुठे मोजावं लागायचं आम्हाला?"

"मोजत नोती?" आई भडकलीच. "दिवेलागणीले चार दारांत हाक मारल्याबिगर तवा नाही टाकला म्या चुलीवर. आन् तुह्या वाढदिवसाले वाट्या घेऊन खीर वाटाले जाओ, ते काय गोडासाठी? कोनाचं लेकरू कोनाच्या घरात हाये, ते पाहाले."

"मग भीती नाही वाटायची?"

"वाटे तं. चौघीत वाटून घेतली होती." मग म्हणाली, "तुले शेजारीण पाह्य म्हनलं होतं, तं तू गॅस पाह्यला."

मॉल शुभांगीच्या बाजूला आहे. इतक्या वर्षांनी मीच तिला फोन केला. ती फक्त म्हणाली, "पाठव गं तिला. मी आहे ना." समोरच्या हेतलबेनची जान्हवी चौघींत होती, तिच्याकडे जाऊन बसले. आणखी दोघींच्या आयांशी आयुष्यात पहिल्यांदा पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले.

शनिवारी अकराला रिक्षा वळली. एक वाजता यायचा फोन आला नाही. सव्वाला नाही. मी खीर ढवळत होते आणि ती बुडाला लागली. दीडला शुभांगीचा मेसेज: "चौघी पावभाजी खातायत. लांबूनच बघितलं. हाक नाही मारली." मी समोर जाऊन तो हेतलबेनला दाखवला. तिने नुसतं "हाश!" केलं आणि खुर्चीत बसली. तिचाही रंग उडालेला होता, हे मला तेव्हा दिसलं.

चारला यायच्या होत्या. चार वीसला रिक्षा आली. मी गॅलरीत होते. मोजलं नाही, एकेकीचं तोंड पाहिलं. मित्रा शेवटी उतरली. वर बघून तिने हात केला, आणि मी हात परत करायच्या आधीच आत पळाली.

लागलेली खीर वाट्यांमध्ये घालून मी वाटायला निघाले. शुभांगीची वाटी फ्रीजमध्ये ठेवली. सईचा वाढदिवस शुभांगी पुढच्या शनिवारी करतेय. मित्राला तिथे एकटीने जायचंय म्हणे, आणि मला आत्तापासून झोप नाही.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं मानतेस, गाव की मुंबई? "आमची आली का?" असं मला ज्या दारांत विचारता येतं, तेवढं माझं घर. अकरा वर्षांत चार दारं झाली आहेत. त्यातलं एक दिंडोशीला आहे, रिक्षाने पाऊण तास.