भित्र्या वासंतीची भुतावळ

उज्जैनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत यंदा ‘माझे आवडते सिनेमे’ असा कार्यक्रम होता. आधीच्या तिघी कौटुंबिक सिनेमांवर बोलून, डोळे पुसून जागेवर बसल्या. मग बँकेतून निवृत्त झालेल्या वासंतीकाकू उठल्या आणि म्हणाल्या, “मी ऐंशीच्या दशकातल्या भुतांच्या सिनेमांवर बोलणार.” पुढच्या रांगेतले त्यांचे यजमान, निवृत्त इंजिनियर दिलीपराव, एकदम ताठ झाले.

काकूंनी भुतांची काही इज्जत ठेवली नाही. सगळीकडे तीच हवेली, तोच ठाकूर, तोच शाप. गाडी बंद पडायची ती नेमकी हवेलीच्या दारात. नायिकेला आंघोळीची आठवण यायची ती भूत सुटल्यावरच. एका शंभर वर्षं जुन्या पिशाच्चाच्या केसाळ मनगटावर तर चक्क घड्याळ होतं. शेवटी त्रिशूळ निघाला की देवास गेटजवळच्या टॉकीजमधलं पब्लिक “जय महाकाल” अशी आरोळी ठोकायचं, मग भुताची काय बिशाद! मंडपात लोक पोट धरून हसत होते. हसत नव्हते ते फक्त दिलीपराव.

त्यांचं लग्न झालं पंच्याऐंशी साली. घरात सासूबाईंचं, म्हणजे अक्कांचं राज्य. नव्या जोडप्याला एकांत मिळायचा तो टॉकीजमध्येच, आणि भुताच्या सिनेमाला अक्का सोबत येत नसत, म्हणून हे दोघं तेच बघायचे. वासंती खारे दाणे खात मजेत बसायची. दिलीप मात्र पहिलं दार करकरलं की तिच्या पदरात तोंड खुपसायचा आणि मध्यंतरातच तिला ओढत घरी आणायचा.

“इतक्यात कसे आलात?” अक्का विचारायच्या.

“वासंती घाबरली ना,” हा बिनदिक्कत सांगायचा.

मग अक्का मीठ-मोहऱ्या घेऊन सुनेची दृष्ट काढायच्या, तिच्या मनगटाला कालभैरवाचा काळा दोरा बांधायच्या. ज्याला खरी गरज तो दिवटा, थोडा धूर आपल्यालाही मिळावा म्हणून शेगडीला चिकटून उभा! वासंतीला हसू यायचं. नवऱ्याची लाज झाकताना तिला तेव्हा प्रेमच वाटायचं, खोटं कशाला बोला.

पण घरात तिला भित्री हे नाव पडलं ते पडलंच. चार वर्षांनी तिला बँकेत बढती मिळाली. ऑफिसर म्हणून नीमचला जायचं होतं, एकटीने राहायचं होतं. अक्का म्हणाल्या, “ही तर सिनेमात घाबरते, तिकडे एकटी कशी राहणार? काही जरूरत नाही.” वासंतीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. तो पेपरात तोंड घालून बसला. बढती गेली, आणि तिने काम शिकवलेला पोरगा पुढे तिचाच साहेब झाला. तो राग काकूंनी पस्तीस वर्षं गिळला होता. आज चारचौघांत सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच त्या आल्या होत्या.

“आता या सिनेमांना आमच्या घरात कोण घाबरायचं, ते सांगते,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दिलीपराव गुडघ्यांवर हात टेकून उठले. “मी,” ते म्हणाले. “ही कधीच नाही. मला तर पोस्टर बघूनसुद्धा भीती लागायची.”

मंडपात हशा उसळला. काकू हसल्या नाहीत.

“आणि नीमचच्या वेळी?”

लोकांना काही कळेना, पण हसणं थांबलं.

“तेव्हाही मीच घाबरलो,” दिलीपराव म्हणाले. “तू तिकडे गेलीस, तर मग परत कशाला येशील, असं वाटलं.”

काकूंना रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

“अहो, दर शनिवारी आले असते मी,” त्या माइकवरच म्हणाल्या.

मग त्या खाली उतरल्या आणि दिलीपरावांच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसल्या.