केराबाईला गप पोर नको

केराबाई करमाळ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दुष्काळात सगळी मेंढरं गेली आन् ती सोलापुरात गिरणीच्या पाळणाघरात लागली. आमी बाया आत सूत गुंडाळायचो, आमची पोरं तिच्या हवाली. तोंडानं लई फटकळ. दारातच पोराचं नाक बघायची. वाहतं दिसलं की त्याची झोळी पार टोकाच्या खिडकीशी. "एक कोकरू खोकलं की सकाळपतूर सगळा मेंढवाडा खोकतोय," म्हणायची. गिरणीचे डाक्टर सांगायचे, ह्या सर्दीचे जंतू इतके बारीक की भिंगातनंबी दिसत न्हाईत. ही म्हणायची, "ते न्हाईत दिसत, पर शेंबूड दिसतोय की."

आता माजा शहाणपणा ऐका. चौतीस सालच्या थंडीत माजा महिपती आठ म्हैन्यांचा, खोकून खोकून बेजार. घरी ऱ्हावं तर खाडा. मंग गिरणीच्या बाया करायच्या तेच मी केलं, जराशी अफू दुधात उगाळून पाजली. खोकला थांबला, पोर गप निजलं. मी हरखून गेले. केराबाईच्या हातात त्याला देत म्हणाले, "बगा मावशी, बरा झाला की."

तिनं अंगडं वर केलं. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"अफू दिलीस व्हय, वच्छले?"

मी मान हलवली.

"छातीत कफ दाटलाय, आन् तू खोकणंच बंद केलंस. ह्याला जागा ठिवाय पायजे. रडला तर वाचंल."

तिनं डाक्टरांना बोलावणं धाडलं. पोराला उभं धरलं, तळपायाला टिचक्या मारल्या, पाठ चोळली, हाका मारल्या. मरगळलेलं कोकरू ती असंच उठवायची म्हणं. डाक्टर आले, छाती ऐकली, म्हणाले, "असंच करत ऱ्हावा, झोपू देऊ नका." गिरणीचा भोंगा झाला, पर मी जागची हलले न्हाय.

दुपार कलता महिपतीनं तोंड वाकडं केलं, खोकला, आन् जे भोकाड पसरलं म्हणता. केराबाई त्याला घिऊन पाळणाघरभर नाचली. मी हसत हुते का रडत, मलाच कळंना. बाकीची पोरंबी उठून रडाय लागली.

मुकादम धावत आला. "काय कालवा लावलाय? गप करा त्यास्नी."

ह्या मुकादमापुढं मी कदी मान वर केली नव्हती. म्हणाले, "न्हाय करायची. त्यातलं एक माजं हाय."