शेंगा सोलतानाचं रेकॉर्डिंग

आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो, इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यापुढचं कोणालाच नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगून राहिलो.

मी चौथी शिकलेला, मोहगावकडचा संत्रावाला. पण माझी वंदना उपयोजित भाषाविज्ञानात पीएचडी झाली. हा शब्द मी आठ दिवस घोकला. आता पांढुर्ण्याच्या बाजारात कोणी विचारलं तर अडखळत नाही. आहे का अशी पोरगी कोणाची, आमच्या आसपासच्या गावांत? घरी आपली बोली बोलणाऱ्या लेकरांचं शाळेत काय होतं, हे तिनं शोधलं. त्यासाठी घरोघरी माणसांचं बोलणं रेकॉर्ड केलं. माझं तर फेकूनच दिलं. म्हणे, "बाबा, तुम्ही तं पेपर वाचल्यासारखे बोलता!"

तिला पाहिजे होतं तिच्या आईचं — कमलचं. एक मोबाइल घरी ठेवून गेली. लाल बटन दाबलं की सुरू, कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर दाबलं की पुसलं. हात कामात असले की माणूस खरं बोलतो, असं तिचं म्हणणं.

कमल खरंच बोलली. शेंगा सोलता सोलता मोबाइलला म्हणाली, "वंदे, तुह्या सौसरच्या शाळेत पालकाईची मीटिंग राहे ना, तवा मी बी येवो. तुहे बाबा मले फाटकाबाहीर बसवत. म्हणत, तू तोंड उघडशीन तं मास्तर हासतीन. मंग मी बसो, बोरं खात."

"बंद कर ते!" मी ओरडलो.

"काऊन? पोट्टीनंच खरं बोलाले सांगतलं." आणि हसत राहिली.

खोटं कुठं होतं? दर वर्षी मी आत जाऊन सांगायचो — आई बिमार आहे. मी तरी कोणता मोठा पंडित होतो?

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही.

पुढं वंदनेची शेवटची तोंडी परीक्षा झाली. भरल्या खोलीत ती म्हणाली, "घरच्या बोलीची लाज माझ्या बाबांनी मला कधी वाटू दिली नाही." सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान ताठ केली — टाळ्या घेतल्या. तिचा तो जाड ग्रंथ कपाटात आहे, पहिल्या पानावर आईचं नाव. पाहुणा आला की आधी ग्रंथ, मग पाणी. कधी कधी ती म्हणते, आईचा शेवटचा आवाज राहिला असता तर! मी म्हणतो, त्या दिवशी मोबाइल चार्ज नव्हता, बेटा.

चार्ज होता.

त्या सकाळी मी कमलचे हातपाय सरळ केले. चादर टाकली. शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी, वंदनेला फोन लावायच्याही आधी, तो मोबाइल घेऊन अंगणात बसलो. सोललेल्या शेंगांची टरफलं तशीच पडली होती. डब्याच्या खुणेवर बोट ठेवलं. त्यानं एकदा विचारलंही — नक्की पुसायचं का?

मी हो दाबलं.