रबरी पट्टीची तार

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन जोरात होतं त्या वर्षांतली गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो.

गावातल्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मालकाने मुंबईहून कारागीर आणून फाटकाला मोटार बसवली होती. बटन दाबलं की लोखंडी फाटक रुळावरून आपोआप सरकायचं आणि टोकाला जाऊन थांबायचं. बाजाराच्या दिवशी खेड्यांतली माणसं ते बघायला उभी राहत.

ऐन कापसाच्या हंगामात एका सकाळी त्या फाटकात जिनिंगच्या दिवाणजींचा पाय सापडला. खांबाशी दाबून नडगी मोडली. त्यांना परभणीच्या दवाखान्यात धाडून मालक तडक ठाण्यात आले.

"आमचा वॉचमन मोर्चात फिरतो. आमच्यावर त्याचा राग आहे. दिवाणजी मध्ये आहेत हे बघून बटन दाबलं त्यानं. जिवे मारायचा प्रयत्न म्हणून लिहा," मालक म्हणाले. कोणतं कलम लावायचं तेही मालकच सांगत होते, आणि आम्ही ऐकत होतो.

वॉचमन बौद्ध समाजाचा, तीन मुलींचा बाप. कलम ३०७ खाली गुन्हा दाखल झाला. जमादारांनी त्याचा जबाब लिहून घेतला, मी सही केली. कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

दुसऱ्या दिवशी फाटकासमोर चहाची गाडी लावणारी बाई ठाण्यात आली. बराच वेळ ती दारातच घुटमळली. मग म्हणाली, "सायेब, माझं नाव घेऊ नका. पर ते फाटक महिना झाला, कशालाच थांबंना. मागं एक शेळी चेपली त्यात. आदी तर नुसता हात लागला तरी थांबायचं."

मी वॉचमनला समोर बसवलं आणि काय झालं ते विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "तुमाला काय लिवायचं ते लिवा सायेब." तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. मला त्याचा राग आला. मगरूर माणूस आहे, असं वाटलं.

तरी पंच घेऊन मी जिनिंगवर गेलो. फाटकाच्या वाटेत सरकीचं पोतं उभं केलं आणि बटन दाबायला लावलं. फाटक आलं आणि पोत्याला खांबाशी दाबून फोडूनच थांबलं. फाटकाच्या कडेला रबरी पट्टी होती. ती दबली की मोटार बंद पडावी, अशी मूळ सोय. मी पट्टीमागचं झाकण उघडायला लावलं. पट्टीकडे जाणाऱ्या तारा कापून एकमेकींना पीळ घालून ठेवल्या होत्या. रुळात ग्रीस आणि रुईचा काळा लगदा बोटभर साचलेला. मोटारीच्या खोक्यावर मात्र दसऱ्याचं हळदीकुंकू आणि वाळलेला झेंडूचा हार. पूजेला सगळे होते, रूळ झाडायला कोणी नव्हतं.

फाटकाची दुरुस्ती करणारा वायरमन सेलूचा. त्याला बोलावून घेतलं. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. "रुळात रुई अडकली की फाटक मधीच थांबायचं. मी मालकाला म्हणलो, रूळ रोज झाडा, ग्रीस लावू नका, त्यालाच रुई चिकटायलीय. मालक म्हणले, झाडायला माणूस रिकामा न्हाई, बाहेर गाड्यांची रांग लागलीय, पट्टी काढून टाक. मी तारा जोडून दिल्या. माझीबी चूक हाय सायेब."

म्हणजे फिर्याद लिहून देताना मालकाला हे सगळं ठाऊक होतं. स्वतःची हयगय झाकायला त्याने एका गरिबाची जात आणि त्याचा मोर्चा पुढे केला होता. मी त्याला ठाण्यात बोलावून बाकावर दोन तास बसवलं. कायद्यात ही शिक्षा नाही, पण मला तिचा आजही पश्चात्ताप नाही. यंत्राबाबतची हयगय आणि जबर दुखापत, ही कलमं त्याच्यावर लावली. दिवाणजींनीही दवाखान्यात खरं सांगितलं. फाटक सुरू झाल्यावर तेच घाईने मध्ये शिरले होते आणि वॉचमनने धावत जाऊन मेन स्विच ओढला, म्हणून पाय तरी राहिला.

पुरावा नाही असा कलम १६९ खाली अहवाल देऊन वॉचमनला सोडताना मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की सायेब. पट्टीची तार तोडली हाय म्हणलो. मेन मीच बंद केला म्हणलो. जमादार म्हणले, इतकं लिवायला जागा न्हाई."

तो गेल्यावर मी केसचे कागद काढले. जबाबात दोन ओळी होत्या. बटन मीच दाबले, दिवाणजी जखमी झाले. खाली अर्धा कागद कोरा होता आणि त्याच्याखाली माझी सही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत संशयिताचा जबाब मी स्वतः समोर बसून लिहिला. याबद्दल कोणी माझं कौतुक करू नये. मालकावर खटला झाला, वायरमनवर झाला, जमादारांना मेमो मिळाला. न वाचता सही करणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही.