आखाजीच्या मुहूर्तावर हरवलेला पत्ता

मंडळी, आज आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, आणि आमच्या अमळनेरच्या मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट सकाळपासून गायब आहे.

वसतिगृह बंद करायचं का, हे उद्या सकाळी विश्वस्त ठरवणार आहेत. मी तिथली निवृत्त अधीक्षिका. आखाजीला लेकी माहेरी येतात. ज्यांना येता येत नाही, त्या पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या जुन्या मुलींनी आज साइटच्या पत्त्यावर विरोधाचं ईमेल पाठवायचं ठरलं होतं.

साइट माझे दीर, नाना, सांभाळतात. त्यांचा जळगावात कॉम्प्युटर क्लास आहे. आपली साइट कुठे आहे हे जगाला सांगतो तो नेमसर्व्हर. तो भाड्याचा होता. नानांना वसतिगृहाच्या नावाचा हवा होता.

"नाना, उद्याची बैठक होऊ द्या."

"वहिनी, असा मुहूर्त वर्षातून एकदाच. बठ्ठं व्हई जाई! सगळं होऊन जाईल!"

त्यांनी नारळ फोडला आणि जुनी सेवा रद्द केली. नव्या नेमसर्व्हरची नोंद अमेरिकेतल्या कार्यालयात व्हायची होती, ती झालेलीच नाही. आज रविवार. ते उघडेल तेव्हा इथली बैठक संपलेली असेल.

मुलींची ईमेलं परत जात आहेत.

"नारळ तर चांगला निघाला होता," नाना म्हणाले.

"मग तोच ठेवा विश्वस्तांपुढे."

हे मी दुसऱ्या पत्त्यावरून लिहिते आहे. तो मुलींना माहीत नाही. उद्या विश्वस्त म्हणतील, एकीनेही लिहिलं नाही. ज्या विश्वस्तांनी जन्मात ईमेल पाहिलेलं नाही, त्यांना मी काय सांगू? तुम्हीच सांगा.